थोरले जावई

त्या घरात घोडा आधी आला आणि जावई नंतर. म्हणून घोड्याचं नाव पडलं थोरले जावई आणि लेकीच्या नवऱ्याचं धाकटे. दोन्ही नावं सासूबाईंनीच ठेवली होती.

सासूबाईंची शहराच्या कडेला घोडेस्वारीची शाळा होती. नवरा गेल्यापासून त्या ती एकटीनं चालवत होत्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. हे नाव पोरांनी नव्हे, पोरांच्या आयांनी ठेवलं होतं, कारण बाई पोरांना कमी आणि आयांना जास्त शिकवत. कुंपणाबाहेर उभं राहून "टाच खाली, मान वर!" असं ओरडणाऱ्या आईला त्या शांतपणे विचारायच्या, "तुम्ही चढता का? पोरगा उतरेल खाली." मग त्या आईचा आवाज महिनाभर बसायचा.

लोक आपापले बिघडलेले घोडे बाईंकडे आणून सोडत. कुणी चावरा, कुणी लाथाळ, कुणी असा की मागून माणूस गेला तरी अंगाला काटा यायचा. बाई काय करतात ते बघायला लोक यायचे आणि कंटाळून जायचे. कारण बाई बहुतेक वेळ नुसत्या उभ्या असायच्या. घोडा एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला. घोड्यानं मान वळवली की त्या एक पाऊल मागे जायच्या. घोडा कोड्यात पडायचा. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडून काही मागत नव्हतं. मग तोच चौकशीला यायचा.

लेक मात्र वाऱ्यावर स्वार झालेली. बोलणं घाईचं, जेवणं घाईचं. लग्नसुद्धा तिनं चौखूर उधळतच केलं होतं. अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धांमध्ये तिचं नाव होतं. एका लिलावात तिनं हा उंच, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा असलेला घोडा पाहिला आणि घेऊनच आली. उडी अशी की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. खोड एकच होती. गाडीत चढायचा नाही. कुणीतरी पूर्वी त्याला दोर बांधून चारही बाजूंनी ओढत गाडीत कोंबलं होतं, तेव्हा तो फळीवरून घसरून पडला होता. तेव्हापासून फळीवर खुराचा तो पोकळ आवाज झाला की त्याला दरदरून घाम फुटायचा.

"आधी गाडी शिकव, मग उड्या," बाईंनी सांगितलं होतं.

"शिकेल गं. उडी बघितलीस का त्याची?" लेकीनं उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी मैदानात अडथळे मांडले.

मग स्पर्धेची सकाळ उगवली. गाडी दाराशी उभी. गाडीवाला पैलवान, म्हणजे एके काळी कुस्ती खेळलेला आणि आता पोट सुटलेला माणूस, सारखा घड्याळ बघत होता. बाई मैदानाच्या पलीकडच्या टोकाला लहान मुलांचा वर्ग घेत होत्या. लेकीनं थोरल्यांना आधी चुचकारलं, मग दटावलं, मग चाबूक घेतला. चाबूक पाठीवर बसला तसा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि फिरला. त्याच्या धक्क्यानं लेक फळीच्या कडेवरून खाली दगडांवर पडली.

बाई धावत आल्या तेव्हा घोडा मैदानाच्या कोपऱ्यात थरथरत उभा होता आणि लेक जमिनीवर, गुडघ्याखाली पाय भलत्याच दिशेला. ती दातांवर दात दाबून म्हणाली, "त्याला काही लागलंय का बघ."

पोरगी आपलीच आहे, असं बाईंना तेवढ्या गडबडीतही वाटून गेलं.

लेकीचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथं लिफ्ट नाही. म्हणून प्लास्टर घातलेला पाय घेऊन ती आईकडे राहायला आली. पाठोपाठ कपड्यांची बॅग घेऊन धाकटे जावई आले.

धाकटे जावई दातांचे डॉक्टर. भांग सरळ, नखं स्वच्छ, बोलणं हळू. सासर घोड्यांचं असलं तरी तबेल्याला ते लांबून वळसा घालून जायचे. आल्या दिवशी संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. जावई समोर येऊन बसले, दोन शेंगा उचलल्या आणि म्हणाले, "आई, राग मानू नका. पण तो घोडा आता या आवारात नको."

"चूक कुणाची होती असं वाटतं तुम्हाला?"

"चूक कुणाची ते मला कळत नाही. तिचा पाय मोडलाय, तेवढं कळतं."

बाईंना हे उत्तर आवडलं. आडवळण नव्हतं त्यात. त्यांनी शेंगांची टोपली जरा जावयाच्या बाजूला सरकवली.

"एक करा. रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी माझ्याबरोबर त्याच्याजवळ उभे राहा. तिचं प्लास्टर निघेपर्यंत. नंतरही तुम्ही नको म्हणालात, तर मीच त्याला चांगलं घर शोधते. शब्द देते."

जावयांनी हातातली शेंग सोलली. मग म्हणाले, "मला घोड्यांची भीती वाटते, आई."

"माहीत आहे की. लग्नाच्या आधी घोड्याशेजारी फोटोला उभं केलं होतं, तेव्हा तुम्ही फोटोग्राफरच्या मागे जाऊन उभे राहिला होतात. फोटोत नुसता घोडा आलाय."

जावई हसले, आणि हसल्यामुळे फसले.

पहिल्या सकाळी बाईंनी त्यांना कुंपणाच्या आत नेलं आणि दूरवर उभं केलं. थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. पाठ म्हणजे सगळा मागचा भाग. जावई कुजबुजले, "अपमान केला का त्यानं माझा?"

"नाही. तुमच्यावर एवढा विश्वास नाही, एवढंच सांगितलं. तुमचा तरी त्याच्यावर कुठे आहे? फिट्टंफाट झाली."

"मग आता काय करायचं?"

"तुमच्याकडे घाबरलेला पेशंट येतो तेव्हा काय करता?"

जावयांच्या खांद्यातला ताण जरा कमी झाला. हे त्यांच्या रोजच्या कामातलं होतं. "लगेच खुर्ची आडवी करत नाही. नुसतं बसू देतो. मग एकेक हत्यार दाखवतो. मशीनचा आवाज आधी तोंडापासून लांब ऐकवतो. आणि सांगतो, हात वर केलात की मी थांबणार."

"आणि थांबता?"

"थांबावंच लागतं. एकदा जरी नाही थांबलो तरी संपलं. पुढच्या वेळी तो तोंडच उघडत नाही."

"मग मी तुम्हाला काय शिकवणार, कपाळ! घोडा हात कुठून वर करतो, तेवढं दाखवते. बाकीचं तुम्हाला येतंच."

आणि त्यांनी दाखवलं. मागे चिकटलेले कान. आवळलेला जबडा. मागच्या पायांवर सरकलेलं वजन. जावई दातांचे डॉक्टर, बारीक बघायची सवय. थोड्याच दिवसांत त्यांना बाईंच्या आधी दिसायला लागलं. "आई, डोळ्याच्या वरती सुरकुती पडली. मागे येऊ?" असं म्हणून ते मागे यायचे. एके दिवशी थोरल्यांनी मान खाली घातली, ओठ चाटले आणि लांब उसासा सोडला.

"हे काय? भूक लागली?"

"नाही, विचार करून झाला त्याचा. आता बघा."

थोरले जावई चालत आले आणि धाकट्यांच्या स्वच्छ शर्टावर हिरवी लाळ पुसून गेले. धाकटे तसाच शर्ट घालून दवाखान्यात गेले आणि आल्यागेल्या पेशंटला सांगत सुटले, की ही माझ्या साडूची लाळ आहे.

त्यानंतर त्यांनी खरारा शिकून घेतला. घोड्याच्या अंगावरून तो ब्रश फिरवताना त्यांची समाधी लागायची. मग बाईंनी पैलवानाकडून त्याची जुनी गाडी मागून घेतली आणि दार उघडून, फळी खाली सोडून मैदानातच उभी करून ठेवली.

पैलवान म्हणाला, "बाई, गाडीला काय गवत चारताय? मला द्या थोरल्याला. दोन दोर, चार माणसं. एक घाव, दोन तुकडे."

"तुकडेच नकोत मला, पैलवान."

धाकटे जावई सैल दोर धरून थोरल्यांबरोबर फळीपर्यंत जायचे आणि परत यायचे. मग फळीवर एक खूर. पोकळ आवाज. परत. मग दोन खूर. एकदा घोडा अर्धा वर चढला होता आणि बाईंनी हाक मारली, "मागे घ्या."

"आई, चढत होता की तो!"

"म्हणूनच मागे. परत फिरता येतं हे त्याला कळू दे. पुढे जायची भीती मग आपोआप कमी होते."

हे सगळं लेक स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. पाय स्टुलावर, कोपर खिडकीच्या चौकटीवर. पहिले काही दिवस ती तिथून सूचना करत होती. "अहो, दोर ढिला सोडा! खांद्याजवळ उभे राहा!" मग बाई ओरडायच्या, "तू गप्प बस!" आणि लेक गप्प बसायची. हळूहळू ती आपणहूनच गप्प झाली. ते बाईंच्या लक्षात यायला हवं होतं, पण बाई घोड्याचे कान बघण्यात गुंतल्या होत्या.

एका दुपारी बाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. लेक कपाकडे बघत म्हणाली, "आई, मला वाटतं त्या दिवशी मी..."

"वाटायचं काय त्यात? चाबूक हातात घेतलास तिथंच घोडं अडलं. शंभरदा सांगितलं होतं तुला, आधी गाडी, मग उड्या. पण तुझं आपलं नेहमी घोड्यावर बसून आल्यासारखं..."

लेकीनं कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "थोरल्याला एक पाय उचलायला तू अख्खी सकाळ देतेस, आई. मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस."

बाई उठल्या आणि खोगिरांच्या खोलीत गेल्या. तिथं तेलाचा आणि चामड्याचा वास होता, भिंतीवर लगाम टांगलेले होते. त्यांनी एक खोगीर खाली घेतलं आणि जोरजोरात तेल चोळायला लागल्या. मनातल्या मनात लेकीला उत्तरं दिली. एकाहून एक सरस. "आईशी असं बोलतात का? कुणासाठी करते मी हे?" पण तेल जिरत गेलं तशी उत्तरं पातळ होत गेली. घोड्यानं पाठ फिरवली तर त्या कधी चिडल्या नव्हत्या. लेकीनं अजून पाठही फिरवली नव्हती. ती बोलायला आली होती, आणि त्यांनीच तिला दटावून गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात लेकीसमोर बसल्या आणि विचारलं, "काल काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

पुन्हा विचारायचं बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि मटारची टोपली पुढे ओढली. मायलेकी न बोलता शेंगा सोलत बसल्या. तिसऱ्या दिवशीही तसंच. त्या आठवड्यात घरात मटाराशिवाय दुसरी भाजी झाली नाही. शेवटी धाकटे जावई ताटाकडे बघून म्हणाले, "आई, माझा हिरवा रंग व्हायला लागलाय." तरी बाईंनी टोपली सोडली नाही.

आणि एका दुपारी लेक शेंगेकडेच बघत म्हणाली, "मला त्याची भीती वाटते."

बाईंनी पुढची शेंग सोलायला घेतली.

"पाय बरा होईल, डॉक्टर म्हणालेत. पण खिडकीतून तो आवाज ऐकू येतो ना, फळीवरचा, तेव्हा मी कानांवर हात ठेवते. हे मी त्यांना कसं सांगू? ते बिचारे भीती घालवून बसले आणि मी..."

बाईंजवळ उत्तर तयार होतं. चांगलं होतं, खरंही होतं. त्या फक्त म्हणाल्या, "हं."

"तू काही बोलत का नाहीस?"

"ऐकतेय."

लेकीनं वर पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर खरोखरच ऐकण्याशिवाय काही नव्हतं. मग ती बोलत सुटली. चाबकाबद्दल, त्या सकाळच्या घाईबद्दल, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीनं मागच्या स्पर्धेत आपल्याला हरवलं त्याबद्दल, आपण आईच्या शाळेला शोभत नाही असं लहानपणापासून वाटतं त्याबद्दल. शेंगा संपल्या तरी ती बोलत होती, आणि बाई सालं चिवडत ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून लेक कुबड्या घेऊन बाहेर यायला लागली. कुंपणाशी खुर्ची टाकून बसायची. थोरले जावई तिला पाहताच पार टोकाला निघून जायचे. ती वाचत बसायची, हाकही मारायची नाही. बरेच दिवस गेले. मग एकदा गवत खाता खाता थोरले मैदानाच्या अलीकडच्या अर्ध्यात आले. मग आणखी जवळ. एका सकाळी त्यांचा श्वास तिच्या पुस्तकाच्या पानावर पडला. तिनं पान उलटलं. हात मात्र मांडीवर तसाच ठेवला.

प्लास्टर निघायला थोडेच दिवस उरले असताना एका दुपारी थोरले जावई जेवले नाहीत. गव्हाणीतलं गवत तसंच. ते सारखे जमीन उकरत होते, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होते, खाली बसत होते, उठत होते. घोड्याचं पोट धरणं म्हणजे काय ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यात घोडे जातात. गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, पोटाला नळी लावून ऐकलं, इंजेक्शन दिलं, वाट पाहिली, पुन्हा ऐकलं.

"आतडं हलत नाहीये," त्या म्हणाल्या. "जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, आत्ता. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर इथं माझ्याकडे काही नाही."

पैलवान गाडी घेऊन आला. पण जुनी गाडी लांबच्या रस्त्याला चालणारी नव्हती, म्हणून त्यानं नवी आणली होती. फळी जास्त उंच, आतला वास परका. धाकटे आपल्या दवाखान्यातून तसेच पांढऱ्या कोटात धावत आले आणि त्यांनी दोर हातात घेतला. थोरले जावई फळीपर्यंत आले आणि थांबले. अंगभर घाम. पोटात कळ आली तसे ते गुडघ्यांत वाकले, पुन्हा सावरले, पण पुढे पाऊल नाही.

असे कितीतरी घोडे बाईंनी धीरानं सरळ केले होते, पण त्यांतला कुणी असा डोळ्यांदेखत हातातून निसटत नव्हता. त्यांनी हात पुढे केला.

"पैलवान, दोर आणा. आणि शेजारच्या बागेतल्या त्या दोघा माळ्यांना बोलवा."

पैलवानसुद्धा दचकला. दोर घेऊन आला, पण द्यावा की नाही अशा चेहऱ्यानं.

"आई," लेक म्हणाली. ती कुबड्यांवर उभी होती.

"वेळ नाही गं राणी!"

"त्या दिवशी मलाही नव्हता."

बाईंचा हात हवेतच राहिला. डॉक्टरीणबाई घड्याळ बघत होत्या. घोडा कण्हत होता. बाईंनी लेकीकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता तिचा, पण नजर घोड्याच्या कानांवर होती, जिथं असायला हवी तिथंच. बाईंनी हात खाली घेतला.

"सांग. काय करू?"

"मला पुढच्या छोट्या दारातून आत बसव. घोड्यापुढच्या आडव्या दांड्याच्या पलीकडे बसते मी. दोर यांच्याकडेच राहू दे. आणि तू पैलवानांना घेऊन लांब जा. तुझा जीव वरखाली होतोय, ते त्याला कळतंय."

स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या घोड्यापासून, स्वतःच्या लेकीनं बाईंना हाकललं. बाई गेल्या. लेकीला आत बसवून दिलं आणि पाण्याच्या हौदाशी जाऊन उभ्या राहिल्या. शेजारी दोर घेऊन पैलवान.

"बाई, आपली दोघांची शाळेतून हकालपट्टी," तो हळूच म्हणाला.

"गप्प राहा, पैलवान. श्वास घ्या. हळू."

धाकट्यांनी घोड्याला फळीपासून मागे नेलं. अगदी मागे, थोरल्यांनी मागितलं त्याहून जास्त. मग पुन्हा पुढे. नाकानं फळी हुंगू दिली. आतून लेकीचा आवाज आला, रोजच्या बोलण्यातला, किंचित वैतागलेला.

"अहो, सकाळी घरी जाऊन आलात तेव्हा गॅस बंद केला होतात ना?"

"केला होता."

"नक्की? मागच्या वेळीही तुम्ही नक्की म्हणाला होतात."

"मागच्या वेळी तू चालू ठेवला होतास."

थोरल्यांचा एक कान आवाजाच्या दिशेनं फिरला. नवरा-बायकोचं असलं बोलणं त्यांनी कुंपणाशी पुष्कळ ऐकलं होतं. त्यांनी एक खूर फळीवर ठेवला. पोकळ आवाज झाला. लेकीचा आवाज मधेच तुटला. हौदापाशी बाईंनी मुठी आवळल्या. आणि मग तो आवाज पुन्हा आला, जरा कापरा, पण तोच.

"आणि, आणि इस्त्रीचे कपडे आणलेत का?"

"नाही आणले. आणतो."

घोडा मागे सरला. धाकटे त्याच्याबरोबर मागे आले, दोर सैल. पैलवानानं कपाळाला हात लावला. धाकटे थोडा वेळ नुसते उभे राहिले, जणू त्यांना जगात दुसरं काम नव्हतं. थोरल्यांनी मान खाली घातली. लांब उसासा टाकला. आणि मग ते धाकट्यांच्या शेजारून, एका दमात, चारही खुरांचा धडधडाट करत वर चढून आत गेले, आणि दांड्यावरून मान पुढे काढून लेकीच्या खांद्यावर ठेवली.

पैलवान पोट सांभाळत धावला, पण फळी त्यानं अशी अलगद लावली की तिचा चू की चा आवाज झाला नाही.

रस्ता खड्ड्यांचा होता. बाई पुढे पैलवानाशेजारी बसल्या होत्या आणि मागच्या खिडकीतून लेकीच्या डोक्याचा मागचा भाग बघत होत्या. निम्म्या वाटेवर एक मोठा खड्डा आला, गाडी दणकन आपटली, आणि आतून असा काही आवाज आला की पैलवानाला टायर फुटला असं वाटलं. त्यानं गाडी थांबवायला घेतली. तेवढ्यात दुसरा आवाज. मग एक लांबलचक, पाल्हाळिक. मागची काच बडवत लेक ओरडत होती, रडत होती आणि हसत होती. "आई! थोरले बोलले! आई, थोरले बोलले गं!"

दवाखान्यात पोचेपर्यंत गाडीत लीदही पडली होती. तिथल्या डॉक्टरांनी नाक धरून ती आनंदानं पाहिली. आतड्यात कोंडलेला वारा मोकळा झाला होता. त्यांनी घोड्याला सलाईन लावून ठेवून घेतलं आणि म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर खड्ड्यांचाही उपयोग नव्हता. पैलवान त्यानंतर महिनाभर सगळ्यांना सांगत होता, की आपल्या गाडीच्या स्प्रिंगांनाच औषधी गुण आहे.

थोरले जावई घरी आले. पाठोपाठ लेकीचं प्लास्टर निघालं. पाय बारीक काठीसारखा झाला होता. एका संध्याकाळी बाईंनी धाकट्यांना विचारलं, "मी शब्द दिला होता. बोला, घोड्याचं काय करायचं?"

"राहू दे," धाकटे म्हणाले. "पण गाडीत त्याला मीच चढवणार. दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालणार नाही."

"अरे वा! आता आपलंच घोडं पुढे दामटा."

प्लास्टर निघाल्यावर लेक पहिल्यांदा खोगिरात बसली त्या दिवशी सकाळी ऊन कोवळं होतं. बाई लांब दोर धरून मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. लेक ताठली होती. खांदे वर, नजर घोड्याच्या आयाळीत, डावी टाच वर. बाईंना एकाच वेळी पाच गोष्टी दिसल्या, आणि त्यांनी पाचही तोंडातच ठेवल्या.

"आज नुसती चालच, आई," लेक म्हणाली.

"चाल तर चाल."

थोरले चालले. गोल, मग पुन्हा गोल. लेकीचे खांदे जरा उतरले. धाकटे कुंपणावर चढून बसले होते, आणि शिकवणीला आलेल्या पोरांच्या आया न बोलता उभ्या होत्या. थोड्या वेळानं लेकीनं स्वतःच विचारलं, "दोर सोडतेस?"

बाईंनी दोर सोडवला. घोड्याला कळायच्या आधीच त्या मागे सरल्या.

लेक फेरी मारून त्यांच्याजवळ आली आणि थांबली. "काही सांगायचंय का?"

"डावी टाच."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी छान आहे."

लेक खोगिरातून वाकून आईकडे बघत राहिली. तिच्या उभ्या आयुष्यात हा शब्द या मैदानावर फक्त घोड्यांसाठी वापरला गेला होता.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"टाच खाली घे म्हटलं. चल, निघ."

लेकीनं टाच खाली घेतली, जिभेनं टकटक केलं, आणि थोरले जावई दुडकी धरून निघाले.